किंग काँग (१९३३): दीड फुटाच्या माकडावर जीव का जडतो?

रातकिडा (धागाकर्ता)

मागच्या रविवारी अकरा वर्षांच्या भाचीला शेजारी बसवून १९३३चा किंग काँग पाहिला. तिने आधीच बजावलं होतं, "मामा, काळा-पांढरा पिक्चर म्हणजे मी अर्ध्या तासात झोपणार." झोपली नाही, पण कंटाळली. तिचं चुकलं असंही म्हणवत नाही, कारण ज्याच्या नावाचा पिक्चर आहे तो पडद्यावर यायलाच जवळजवळ पाऊण तास लागतो. तोवर न्यू यॉर्क, मग बोट, मग धुकं, मग भिंत, मग ढोल. पोहे संपवून ती उरलेल्या शेवेने ताटलीत नक्षी काढत होती.

मग झाडं मोडत काँग आला आणि ही खदाखदा हसली. "अरे, हे तर सॉफ्ट टॉय आहे!" आता यावर काय बोलणार? आहेच. वारा नसताना अंगावरचे केस वळवळतात. चालीला झटके आहेत. चेहरा जवळून एक आणि लांबून भलताच. मी गप्प बसलो.

थोड्या वेळाने टायरॅनोसॉरसशी कुस्ती लागली. त्या झुंजीला पार्श्वसंगीत नाही, नुसता गुरगुराट आणि आपटाआपटी. शेवटी काँग त्याचा जबडा दोन्ही हातांनी फाकवतो, कडकन आवाज येतो, धूड कोसळतं. इतर कुणी असता तर इथेच सीन संपवला असता. इथे काँग खाली वाकतो, मेलेल्याचा जबडा उचलतो, सोडतो, परत उचलतो. नीट लोंबतोय ना, ते बघतो. मगच छाती बडवतो.

भाचीचं हसणं थांबलं होतं. "चेक करतोय तो," ती म्हणाली.

त्यानंतर पिक्चर संपेपर्यंत 'ते सॉफ्ट टॉय' गेलं आणि 'तो' राहिला. शेवटी एम्पायर स्टेट बिल्डिंगवर त्याला विमानातून गोळ्या लागतात, तो छातीला हात लावतो आणि हाताकडे बघतो. तेव्हा तिने माझ्याकडे बघायचं मुद्दाम टाळलं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कार्ल डेनहॅम नावाचा एक धाडसी आणि बेभरवशाचा सिनेमावाला अ‍ॅन नावाच्या उपाशी मुलीला बोटीवर घालून नकाशात नसलेल्या बेटावर नेतो. तिथे एका प्रचंड भिंतीपलीकडे जुनं जग शिल्लक आहे. डायनासोर आहेत आणि त्या सगळ्यांचा राजा असलेलं एक माकड आहे. पुढचं तुम्हाला माहीत असतं, न पाहताही. दिग्दर्शक मेरियन कूपर आणि अर्नेस्ट शोडसॅक, स्टुडिओ आरकेओ, आणि काँगच्या अंगात जीव ओतणारा माणूस विलिस ओब्रायन.

माझं म्हणणं असं की तो जिवंत वाटतो ते दोष असूनही नाही, दोषांमुळेच. तुम्हाला काय वाटतं? आणि तुम्ही पहिल्यांदा कुठे पाहिलात, तेही लिहा.

---

तांब्याभांडं

मी दारासिंगचा धागा समजून उघडला होता. आमच्या आजोबांना अजून 'किंग काँग' म्हटलं की माकड आठवत नाही, तो हंगेरीकडचा अगडबंब फ्रीस्टाइल पैलवान आठवतो. असो. बसलोय दाणे घेऊन. चालू द्या.

---

पेठेबाहेरचा

धागा वाचनीय आहे, पण मत अजिबात पटलं नाही. दोषांमुळे जिवंत वाटतो म्हणजे काय? मग आमच्या गॅदरिंगमधला पुठ्ठ्याचा हत्तीसुद्धा जिवंत म्हणायचा.

मी हा पिक्चर दोनदा पाहिला. पहिल्यांदा कॉलेजात व्हीसीआरवर, मालिश केल्यासारख्या पुसट प्रिंटमध्ये. दुसऱ्यांदा अलीकडे, चांगल्या प्रिंटमध्ये. दोन्ही वेळा पहिला पाऊण तास संपता संपेना. बोटीवरचा तो प्रेमप्रसंग तर शाळेच्या नाटकातला वाटतो. बोटीवरचा अधिकारी ड्रिस्कॉल आधी "बाई म्हणजे बोटीवर कटकट" म्हणतो आणि पाच मिनिटांनी "मला वाटतं मी तुझ्या प्रेमात पडलोय". कधी पडला? आम्ही बघत होतो की!

२००५चा पीटर जॅक्सनचा तीन तासांचा आहे, मान्य, लांबलाय. पण त्यातल्या काँगचे डोळे बघा. अँडी सर्किसने अभिनय केलाय. १९३३ची ती बाहुली संग्रहालयात काचेआड ठेवावी, नमस्कार करावा आणि पुढे जावं. आदर वेगळा आणि आवड वेगळी.

---

कारखानदार_पेण

आम्ही तीन पिढ्या गणपती करतो. कारखान्यात बसूनच लिहितोय, बाहेर पाऊस आहे आणि मूर्ती वाळत नाहीत, तेव्हा वेळ आहे.

पेठेबाहेरचे साहेब, तुमचा पुठ्ठ्याचा हत्ती आणि हे माकड यात फरक आहे आणि तो आतल्या सांगाड्यात आहे.

मार्सेल देल्गादो नावाचा मेक्सिकन पोरगा होता. दिवसा किराणा दुकानात काम, रात्री कलाशाळा. ओब्रायनने त्याला तिथून उचलला. त्याने काँगचा सांगाडा धातूचा केला, प्रत्येक सांधा उखळीचा, शाळेत खांद्याचा सांधा शिकवतात ना, तसा. कुठेही वळवा, सोडलात की तिथेच थांबतो. त्यावर कापूस आणि रबराचे स्नायू अशा बेताने लावले की हात वाकवला की दंड फुगावा. मी हे वाचलं तेव्हा दोन दिवस झोप नव्हती. आम्ही मूर्तीला दंड 'दाखवतो'. याने दंड 'घातला'. वरून कुणाला दिसणारही नव्हतं!

बेटावरच्या सीनसाठी बाहुला १८ इंचांचा. न्यू यॉर्कमध्ये तो इमारतींपुढे पोरकट दिसेल म्हणून तिथे २४ इंचांचा वापरला. म्हणजे बेटावर १८ फूट आणि शहरात २४ फूट. पोस्टरवर तर थेट ५० फूट छापलं. आमच्याकडे मंडळवाले तेच करतात, पावतीवर २१ फूट आणि ट्रकवर चढवताना १७.

आता केसांचं. कातडं सशाचं होतं. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ फोटो. दर फोटोला बाहुला किंचित हलवायचा. पाय जमिनीत स्क्रूने आवळलेले, नाहीतर पडेल. हलवायचा म्हणजे हाताने धरायचा, आणि धरला की सशाचे केस दबायचे. पुढच्या वेळी बोटं दुसरीकडे, केस दुसरीकडे दबायचे. ते सगळं भराभर फिरवलं की केस वळवळतात. देल्गादोला म्हणे याचीच धास्ती होती की बोटांचे ठसे उठतील. आणि स्टुडिओतल्या साहेब लोकांनी बघितल्यावर ते खूश, की वा, रागाने केस कसे फुलवलेत!

तर रातकिडाभाऊ, तुमच्या भाचीला जे वळवळताना दिसलं ती माणसाची बोटं होती. एक मिनिटाला १४४० वेळा.

आम्ही डोळ्यांची आखणी शेवटी करतो. तोवर ती माती असते, आखणी झाली की पोरंसुद्धा कारखान्यात आवाज कमी करतात. काँगची आखणी डोळ्यांत नाही, त्या केसांत आहे असं माझं मत.

---

रातकिडा

कारखानदार, दंडवत. धागा काढल्याचं सार्थक इथेच झालं. (भाचीला वाचून दाखवलं. तिचा पहिला प्रश्न: "सशाचं काय झालं?" उत्तर नव्हतं.)

---

तांबडा_पांढरा

कुस्तीवर कुणी बोलंना म्हणून लिहितोय. त्यो डायनासोरबरचा सीन मी पॉज करून करून बघितलाय. काँग आधी ठोसं मारतोय, मग पायात घुसून पाडतोय, मग पाठीवर चढतोय. हे माकडाचं काम न्हाय, तालमीतलं हाय. मग वाचलं तवा कळलं, ओब्रायन तरणा असताना बॉक्सिंग खेळल्याला. म्हंजे वस्तादानं स्वतःचा डाव बाहुल्याला शिकिवला. एवढंच. जबडा फाडायचा डाव मात्र आमच्यात फाऊल धरत्यात.

---

अबोली_नाही_बोलणारी

मला या पिक्चरबद्दल एक तक्रार वर्षानुवर्षं सांगायची आहे, आज सापडलं व्यासपीठ.

शेवटी काँग मरून पडतो, पोलीस म्हणतो विमानांनी मारलं, आणि डेनहॅम टोपी सावरत म्हणतो, नाही नाही, सौंदर्याने त्या पशूला मारलं. सगळे हे वाक्य डोळ्यांत पाणी आणून सांगतात. अहो, पण हा माणूस कोण आहे? त्यानेच बेशुद्ध करायचे गोळे फोडून काँगला पकडला, साखळदंडाने बांधला, ब्रॉडवेवर तिकिटं लावली, बांधलेल्या जनावरासमोर फोटोवाल्यांना फ्लॅश उडवू दिले. माणसं मेली, माकड मेलं, आणि हिशेब मांडायची वेळ आली तेव्हा बिल कुणाच्या नावावर? त्या मुलीच्या! जी तिथे हजरसुद्धा नाही, वर गच्चीवर थरथरत बसली आहे.

आणि सुरुवातीला पडद्यावर येतं ते 'जुनं अरबी वचन' कूपरने स्वतःच रचलेलं आहे. म्हणजे पुरावाही यांनीच तयार केला.

दुसरं. लोक म्हणतात अ‍ॅन झालेली नटी फे रे नुसती किंचाळते. किंचाळतेच. शूटिंग संपल्यावर तिला वेगळं बसवून किंकाळ्यांचं रेकॉर्डिंग केलं होतं. पण मला तिचं किंचाळणं नंतरच्या दोन्ही आवृत्त्यांपेक्षा प्रामाणिक वाटतं. १९७६ आणि २००५ मध्ये नायिकेला काँगबद्दल माया वाटायला लागते, २००५ची तर त्याच्यासमोर कसरती करते, सूर्यास्त बघते. १९३३ची अ‍ॅन शेवटपर्यंत घाबरलेली आहे. तिला उचलून नेलंय, तिला घरी जायचंय, बस्स. प्रेम हा त्याचा प्रश्न आहे, तिचा नाही. हे त्या काळच्या पिक्चरने चुकून का होईना पण बरोबर दाखवलं.

---

पेठेबाहेरचा

अबोलीताई, वाक्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण हे सगळं दिग्दर्शकाला अभिप्रेत होतं असं नका म्हणू. कूपरला डेनहॅम खलनायक वाटतच नव्हता, तो तर स्वतःलाच रंगवत होता. कूपर आणि शोडसॅक खरोखर कॅमेरा घेऊन इराणात भटक्या टोळ्यांबरोबर डोंगर चढले होते, सयामच्या जंगलात वाघ-हत्तींचं चित्रण केलं होतं.

---

अबोली_नाही_बोलणारी

तेच तर! स्वतःला रंगवताना माणूस जास्त खरं बोलून जातो. आणि शेवटी काँगला मारणाऱ्या विमानात बसलेत कोण? कूपर आणि शोडसॅक. त्याला आपणच मारू म्हणाले आणि बसले. सौंदर्य कुठे होतं हो त्या कॉकपिटमध्ये?

---

डेकवरून

मर्चंट नेव्हीत आहे. पिक्चरमध्ये डेनहॅम कॅप्टनला बेटाची जागा सांगतो, दोन अंश दक्षिण, नव्वद अंश पूर्व. कॅप्टन म्हणतो, सुमात्राच्या पार पश्चिमेला. म्हणजे आपल्या हिंदी महासागरात, निकोबारच्या खाली, विषुववृत्ताला चिकटून. सुंदा सामुद्रधुनीतून श्रीलंकेकडे येताना आम्ही त्या जागेच्या दोनेकशे मैलांवरून जातो. नुसतं पाणी आहे, तेही खोल. मी ड्युटीवर असताना एकदा मुद्दाम चार्टवर बोट ठेवून बघितलं, सेकंड ऑफिसरला वाटलं मी काहीतरी गंभीर शोधतोय.

त्यातली धुक्याची गोष्ट मात्र पटते. बोट बेटाजवळ जाते तेव्हा आधी कुणीतरी म्हणतं, लाटा फुटल्याचा आवाज. मग ड्रिस्कॉल म्हणतो, लाटा नाहीत, ढोल आहेत. आणि नेमकं इथेच मॅक्स स्टायनरचं संगीत सुरू होतं. सुरुवातीच्या नावांनंतर तोवर संगीत जवळपास नाहीच, परत पाहाल तर लक्षात येईल. न्यू यॉर्कला संगीत नाही, बेटाला आहे. पेठेबाहेरचे, पहिला पाऊण तास फुकट नाही गेला, तो कान रिकामे करायला होता.

---

पेठेबाहेरचा

हे मला खरंच माहीत नव्हतं. तो भाग पुन्हा बघतो. पण प्रेमप्रसंगाला माफी नाही.

---

खारे_दाणे

सगळे बाहुल्याच्या प्रेमात आहेत म्हणून कडू बोलतो. बेटावरच्या माणसांचं काय? कॅप्टन म्हणतो यांची भाषा नियास बेटावरच्या लोकांसारखी वाटते. नियास खरं बेट आहे, सुमात्राच्या पश्चिमेला, तिथे खरी माणसं राहतात, त्यांची मोठमोठ्या शिळांची आणि लाकडी घरांची परंपरा आहे. पडद्यावर काय दिसतं? कॅलिफोर्नियातले कृष्णवर्णीय कलाकार, डोक्यावर झिपऱ्या, अंगात माकडाचं कातडं, आणि सोनेरी केसांची मुलगी बघून टोळीचा म्होरक्या आपल्या सहा बायका द्यायला तयार. (तो सोनेरी टोपही खोटाच, फे रेचे स्वतःचे केस गडद होते.) वर बोटीवरचा चिनी आचारी, तुटक इंग्रजी बोलून हसवायला ठेवलेला.

'हरवलेलं जग' या प्रकाराचीच ही मूळ खोड आहे. जग हरवलेलं नसतं, तिथल्यांना ते पत्त्यासकट माहीत असतं. हरवलेलं फक्त गोऱ्या माणसाच्या नकाशात असतं.

---

तांब्याभांडं

झालं, आली समाजशास्त्राची गाडी. अहो १९३३ आहे ते! तेव्हाच्या पिक्चरला आजचा चष्मा लावायचा असेल तर बघूच नका.

---

खारे_दाणे

बघतोच ना, चार वेळा पाहिलाय. आवडतो म्हणूनच टोचतं. आणि 'आजचा चष्मा' म्हणताय तर तेव्हाच्याच एका माणसाचं सांगतो. त्या टोळीचा म्होरक्या झालेला नोबल जॉन्सन. याने १९१६ मध्ये भावाबरोबर लिंकन मोशन पिक्चर कंपनी काढली होती, कृष्णवर्णीयांनी कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी काढलेल्या अमेरिकेतल्या पहिल्या काही कंपन्यांपैकी एक, कशासाठी, तर पडद्यावर आपण फक्त नोकर आणि जंगली दिसतो म्हणून. आणि हॉलिवूडने त्याला काय दिलं? पिसं. गंमत म्हणजे याच जंगलाच्या सेटवर त्याच सुमारास दुसरा एक पिक्चर झाला, फे रे त्यातही होती, आणि त्यात याच नोबल जॉन्सनला गोरा रंग फासून रशियन कोसॅक केला होता. म्हणजे तो काहीही करू शकत होता, फक्त स्वतःच्या चेहऱ्याचा भला माणूस सोडून.

त्याला तेव्हा आजचा चष्मा कुणी दिला होता?

---

तांब्याभांडं

हं. हे माहीत नव्हतं. दाणे खाली ठेवले.

---

जर्सीचा_पाहुणा

मुलाकडे न्यू जर्सीत आलोय. गेल्या महिन्यात एम्पायर स्टेटच्या ८६व्या मजल्यावर जाऊन आलो. वरचा तो मनोरा, ज्याला काँग धरून उभा असतो, तो मुळात हवाई जहाजं बांधायला ठेवलेला खुंटा. ते काही जमलं नाही. एवढ्या वाऱ्यात जहाज कोण बांधणार, मला तर टोपी धरवेना.

इमारत मे १९३१ मध्ये उघडली आणि मंदीमुळे भाडेकरूच मिळेनात, लोक तिला 'एम्प्टी स्टेट' म्हणत. पिक्चर लागला २ मार्च १९३३ला, रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये आणि शेजारच्या रॉक्सीत. दोन दिवसांनी रूझवेल्टचा शपथविधी, आणखी दोन दिवसांनी देशभरातल्या बँका बंद. अशा आठवड्यात पहिल्या चार दिवसांत जवळपास ९० हजार डॉलर गल्ला! सुरुवात आठवा: अ‍ॅन फळवाल्याचं सफरचंद चोरताना पकडली जाते. बाहेर थिएटरच्या रांगेत उभे असलेल्यांनाही सफरचंद परवडत नव्हतं. मला बेटापेक्षा तो सीन जास्त आठवतो. भुकेल्या मुलीला कुणी म्हणालं चल बोटीवर, तर ती विचारेल का कुठे?

फे रे २००४च्या ऑगस्टमध्ये गेली तेव्हा या इमारतीचे दिवे पंधरा मिनिटं मंद केले होते. सूनबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बाबा, रांग पुढे सरकली."

---

त्रिपाद

डायनासोरवाल्यांच्या वतीने अधिकृत निषेध. ब्रॉन्टोसॉरस शाकाहारी आहे. तो माणसांना झाडावरून ओढून खात नाही. टायरॅनोसॉरसला हाताला दोन बोटं असतात, इथे तीन. शेपूट जमिनीवर घासत नाही. बाकी त्या काळचा डायनासोर-चित्रकार चार्ल्स नाइट याच्या चित्रांवरून केलेत, तेव्हा तेच शास्त्र होतं, त्यामुळे तीन बोटं माफ. ब्रॉन्टोसॉरस माफ नाही.

---

फिल्म_इन_डब्बा

कुठली प्रत पाहायची यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १९३८ मध्ये पुन्हा प्रदर्शित करताना सेन्सॉरच्या नियमांमुळे कात्री लागली. काँग अ‍ॅनचे कपडे सोलून बोटं हुंगतो ते, गावकऱ्यांना चावतो-तुडवतो ते, न्यू यॉर्कमध्ये चुकीच्या बाईला खिडकीतून काढून खाली सोडून देतो ते, सगळं गेलं. पुढची तीसेक वर्षं लोकांनी सोज्वळ काँग पाहिला. १९७०च्या आसपास ते तुकडे सापडून परत जोडले. तेव्हा शंभर मिनिटांच्या वरची प्रत असेल तर ती पूर्ण. तुकडे नसतील तर काँग निव्वळ बिचारा वाटतो, आणि तो निव्वळ बिचारा नाहीये. ती चुकीची बाई तो ज्या थंडपणे टाकून देतो, ते बघून मग शेवटी त्याच्यासाठी वाईट वाटलं तर खरं.

कोळ्यांची दरी मात्र कायमची गेली. ओंडक्यावरून खलाशी खाली दरीत पडतात, तिथे त्यांना राक्षसी कोळी आणि किडे खातात, असा सीन केला होता. कूपरने स्वतःच काढून टाकला, गोष्ट थांबते म्हणाला. एवढ्या मेहनतीचं काम! पीटर जॅक्सनने नंतर हौसेने तो सीन जुन्या पद्धतीने पुन्हा करून पाहिला.

आणि आवाज. काँगची डरकाळी म्हणजे सिंह आणि वाघाची, वेग कमी करून आणि उलटी फिरवून. छाती बडवण्यासाठी आवाजाचं काम बघणाऱ्या मरी स्पिव्हॅकने सहकाऱ्याच्याच छातीवर ढोलाची काठी मारली. अ‍ॅनकडे बघून तो लाडाने हुंकारतो ना, ते स्पिव्हॅक स्वतः, कर्ण्यातून.

---

काळा_धागा

सदस्यनाम बघूनच कळलं असेल मी कशावर बोलणार. दारासिंगचा विषय निघालाच आहे तर, १९६२ मध्ये त्याला नायक करून 'किंग काँग' नावाचा हिंदी पिक्चर आला होता. त्याचे दिग्दर्शक बाबूभाई मिस्त्री. मूळचे सुरतचे, पण सगळी कारकीर्द मुंबईच्या स्टुडिओंत. १९३७ मध्ये 'ख्वाब की दुनिया'साठी त्यांनी काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्याने वस्तू हवेत नाचवल्या, तेव्हापासून त्यांना इंडस्ट्री 'काला धागा' म्हणायची. ओब्रायनची बोटं दिसली, बाबूभाईंचा दोरा दिसला नाही, एवढाच फरक. डोकं एकच.

आणि त्याच्याही आधी आपले फाळके. १९१० मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचं रोज एकेक चौकट चित्रण करून अंकुराची वाढ पडद्यावर दाखवली, १९१५ मध्ये आगकाड्या नाचवल्या. काँगच्या सेटवरचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. दिवसभर एकेक चौकट करत सीन घेतला आणि धुऊन बघितला तर मागे जंगलात एक फूल सरसर उमलतंय! सेटवर खरं झाड ठेवलं होतं, ते बिचारं दिवसभरात आपल्या गतीने उमललं. सगळी मेहनत वाया. फाळक्यांना जे मुद्दाम हवं होतं ते ओब्रायनकडे आपण होऊन आलं आणि त्याने कपाळावर हात मारला असणार.

---

व्यवस्थापन

दारासिंग विरुद्ध पैलवान किंग काँग यांच्या कुस्त्यांवरचे एकोणीस प्रतिसाद 'क्रीडा' विभागात हलवले आहेत. कृपया इथे माकडापुरतं बोलावं.

---

पेठेबाहेरचा

परत पाहिला. काल रात्री, दिवे बंद करून, कान उघडे ठेवून. डेकवरून यांचं बरोबर आहे, धुक्यातून ढोल येतात तिथे अंगावर काटा आला. ती भिंत बघून मात्र वाईट वाटलं. जुन्या एका बायबलपटाचा सेट वापरला होता म्हणे, आणि १९३८ मध्ये 'गॉन विथ द विंड'मधल्या अटलांटा जळतानाच्या त्या सुप्रसिद्ध दृश्यासाठी तीच पेटवली. काँगला जे जमलं नाही ते काटकसरीने केलं.

मत बदललं का? अर्धं. २००५च्या काँगचे डोळे मला अजून जास्त आवडतात. पण तिथे मला कळतं की याला दुःख झालंय, कारण दाखवलंय. इथे तो मेलेल्या डायनासोरचा जबडा हलवतो तेव्हा कळत नाही, आणि मी अंदाज बांधायला लागतो. त्या अंदाजात काहीतरी आहे. प्रेमप्रसंग तसाच भिकार.

---

रातकिडा

सगळ्यांचे आभार. धाग्याचा एक अनपेक्षित परिणाम कळवतो. कारखानदारांचा प्रतिसाद वाचल्यापासून आमच्याकडे स्टुडिओ निघालाय. जेवणाच्या टेबलावर. बांगडीच्या जाडीची तार, त्यावर शाडू, त्यावर आजीच्या जुन्या स्वेटरची लोकर. (कारखानदारांनी निरोपात सांगितलं, पाय टाचण्यांनी थर्माकोलमध्ये रोवा. रोवले.) माझा मोबाइल चार दिवस डब्यांच्या चळतीला टेकून तिच्या ताब्यात. आम्ही जमिनीवर जेवतोय.

१३२ फोटो, सेकंदाला बारा, म्हणजे अकरा सेकंदांचा पिक्चर. माकड मिठाच्या बरणीमागून येतं, इकडेतिकडे बघतं आणि ताटलीतलं शेंगदाण्याचं टरफल उचलतं, सोडतं, परत उचलतं. ते कुठून आलं ते तुम्हाला माहीत आहे.

घोटाळा एवढाच की तिसऱ्या दिवशी आजीने टेबल पुसायला माकड उचललं आणि नंतर नीट जागेवर ठेवलं, तिच्या मते. त्यामुळे सातव्या सेकंदाला ते एकदम चार बोटं डावीकडे आणि तोंड भिंतीकडे.

---

कारखानदार_पेण

तेवढे फोटो काढून टाका आणि तिथून परत घ्या. सोपं आहे.

---

रातकिडा

सांगितलं तिला. नाही म्हणते. "तो मध्ये पाणी प्यायला गेला होता."